विश्लेषण : एका फुटलेल्या रिव्हॉल्व्हरने ‘.४४ मॅग्नम’ कसे घडवले? कोण होते एल्मर कीथ?

१९७१ मध्ये आलेल्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवूडच्या हातात एक लांब नळीचे, अवजड रिव्हॉल्व्हर होते. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल २९. चित्रपट न पाहिलेल्यांनीही त्याचे मीम पाहिलेले असते. या रिव्हॉल्व्हरचे काडतूस म्हणजे ‘.४४ मॅग्नम’. चित्रपटाने ते जगभर पोहोचवले, पण ते जन्माला आले त्याच्या १५ वर्षे आधी. आणि त्यासाठी सर्वाधिक भांडलेला माणूस ना कोणत्या कंपनीत होता, ना प्रयोगशाळेत. तो अमेरिकेच्या आयडाहो राज्यात गुरे राखणारा, शिकाऱ्यांना डोंगरात घेऊन जाणारा एक बुटका वाटाड्या होता. डोक्यावर भलीमोठी हॅट, तोंडात सिगार आणि लहानपणी भाजलेला डावा हात. नाव एल्मर कीथ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर काडतुसे भरणाऱ्या या माणसाने मोठमोठ्या कारखान्यांना आपले म्हणणे कसे मान्य करायला लावले, त्याची ही गोष्ट.

गोळी आणि काडतूस यात फरक काय?

बातम्यांमध्ये आपण ‘दोन जिवंत काडतुसे जप्त’ आणि ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असे वाचतो. या दोन वाक्यांतच अर्धे उत्तर आहे. काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की प्रायमर आणि दारू जळून जातात, गोळी निघून जाते. उरते ती पुंगळी. चारपैकी सर्वात महागडा भाग हाच आणि तो पुन्हा वापरता येतो.

अमेरिकेच्या पश्चिम भागात दुकान कित्येक मैलांवर आणि खिशात पैसे कमी, अशी स्थिती शंभर वर्षांपूर्वी होती. त्यामुळे अनेक जण रिकामी पुंगळी जपून ठेवत आणि घरीच पुन्हा भरत. त्यासाठी ‘आयडियल’ कंपनीचे हाताचे अवजार मिळे. दिसायला ते आपल्या अडकित्त्यासारखे. जुना प्रायमर काढायचा, नवा बसवायचा, दारू मोजून घालायची, शिसे वितळवून साच्यात ओतलेली गोळी वर दाबायची. यालाच हँडलोडिंग म्हणतात. यात दोन गोष्टी भरणाऱ्याच्या हातात येतात, दारू किती आणि गोळी कोणती. कीथ यांचे सगळे आयुष्य या दोन प्रश्नांभोवती फिरले.

डाव्या हाताचे काय झाले होते?

कीथ यांचा जन्म ८ मार्च १८९९ रोजी मिसुरी राज्यातल्या हार्डिन येथे झाला. लहानपणीच कुटुंब मोंटाना राज्यात आले. तिथे मिझुला गावात ते राहत असलेल्या इमारतीला आग लागली. एल्मर तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. चेहरा, खांदा भाजला आणि डावा हात असा आखडला की बोटे वाकडी होऊन जखडली. हा मुलगा जगेल असे डॉक्टरांना वाटत नव्हते. हात सरळ करण्याच्या फंदात पडायलाही कोणी तयार नव्हते. आत्मचरित्रात कीथ यांनी लिहिले आहे की, शेवटी त्यांच्या आग्रहावरून वडिलांनीच ती बोटे मोडून सरळ बसवली.

ज्याचा एक हात निम्मा निकामी आहे, त्याने निवड केली ती गुरे राखण्याची आणि बेलगाम घोडे माणसाळवण्याची. मोंटानाची राजधानी हेलेना येथे त्यांचे तरुणपण गेले. अमेरिकी यादवी युद्ध लढलेले म्हातारे तेव्हा हयात होते. काळ्या दारूची जुनी पिस्तुले कशी भरायची, हे कीथ त्यांच्याकडून शिकले. शाळा फारशी झाली नाही. पण अमुक गोळी, तमुक दारू, इतके अंतर, काय झाले, हे बारकाईने लक्षात ठेवण्याची सवय तेव्हाच लागली.

४ जुलै १९२५ च्या पहाटे काय घडले?

अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे पहिला फटाका कोण वाजवतो याची चढाओढ असते, तसाच तिथे बार काढण्याचा उत्साह. कीथ यांनी आपले कोल्ट कंपनीचे सिंगल अॅक्शन रिव्हॉल्व्हर काढले. १८७३ पासून बनत आलेले हे मॉडेल, कॅलिबर .४५. आत त्यांनी स्वतः भरलेली काडतुसे होती. एरवी रायफलमध्ये वापरतात तशी जड गोळी आणि काळ्या दारूचा भरगच्च बार. गोळी झाडली आणि सिलिंडरचा वरचा भाग तसेच त्यावरची लोखंडी पट्टी उडून गेली. कीथ वाचले.

इथे कोणीही दोनपैकी एक करतो, हा नाद सोडतो किंवा दारू कमी करतो. कीथ यांनी तिसरेच केले. तुकडे गोळा करून धातू कुठे कमी पडला ते पाहिले आणि या फुटण्यावरच एक लेख लिहून ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकाला पाठवला. तो त्याच वर्षी छापून आला आणि त्यांची लेखक म्हणून सुरुवात झाली. स्वतःची चूक जाहीरपणे मांडून नाव कमावणारे लोक कोणत्याही क्षेत्रात कमीच.

.४५ सोडून ‘.४४’च का?

हे समजायला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचे ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ पुरते. (या विषयाचा उपयोग बातमीदारीत होईल असे परीक्षेच्या वेळी वाटले नव्हते.) रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर म्हणजे सहा छिद्रे पाडलेला पोलादी दंडगोल. प्रत्येक छिद्र हे एक छोटे प्रेशर कुकर. आत दाब वाढला की भिंत परिघाच्या दिशेने ताणली जाते. छिद्र जितके मोठे आणि भिंत जितकी पातळ, तितका हा ताण जास्त.

आता आकडे पाहू. कोल्टच्या सिलिंडरचा बाहेरचा व्यास सुमारे ४२ मिलिमीटर. तो बदलत नाही. .४५ च्या पुंगळीचा व्यास सुमारे १२.२ मिलिमीटर, ‘.४४ स्पेशल’ या काडतुसाच्या पुंगळीचा सुमारे ११.६. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक. ऐकायला किरकोळ, पण छिद्र लहान झाले की शेजारच्या दोन छिद्रांमधली भिंत नेमकी तेवढीच जाड होते. बाहेरच्या बाजूलाही त्याच्या निम्मी जाडी वाढते. त्यातच कोल्टमध्ये सिलिंडर जागेवर थांबवण्यासाठी बाहेरून कापलेली खाच छिद्राच्या पाठीवरच येते, म्हणजे जिथे धातू आधीच पातळ तिथेच तो आणखी कमी. अशा जागी पाव मिलिमीटरलाही मोल असते.

दाब किती असतो, याचा अंदाज यावा म्हणून एक तुलना. कारच्या टायरमध्ये आपण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो. आजच्या अमेरिकी मानकांनुसार .४५ कोल्ट काडतुसाची कमाल मर्यादा १४ हजार पीएसआय आहे. .४४ मॅग्नमची ३६ हजार. म्हणजे टायरच्या सुमारे हजारपट.

.४४ स्पेशल हे काडतूस १९०७ मध्ये आले होते, पण कारखाने ते फार मवाळ भरत. सुमारे १६ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास. पुंगळीत जागा होती, सिलिंडरमध्ये धातू होता, दोन्ही वापरलेच जात नव्हते. कीथ यांनी जवळपास तेवढ्याच वजनाची गोळी सेकंदाला ३६५ मीटरपर्यंत नेली. वेग दीडपटीहून थोडा जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ती अडीचपट झाली. १९३० च्या दशकात हर्क्युलिस कंपनीने ‘२४००’ नावाची सावकाश जळणारी दारू आणली आणि कीथ यांचे काम सोपे झाले. सावकाश जळणारी दारू एका क्षणात दणका देत नाही. नळीतून गोळी पुढे सरकत असताना ती ढकलत राहते. दुसरा फायदा वेगळाच. झटकन जळणारी दारू पुंगळीच्या तळाशी चिमूटभरच लागते, त्यामुळे चुकून दोनदा घातली तरी डोळ्यांना कळत नाही आणि रिव्हॉल्व्हर फुटते. सावकाश जळणारी दारू पुंगळी बरीचशी भरते. दोनदा घातली तर ती बाहेर सांडते.

कीथ यांच्या गोळीत एवढे वेगळे काय होते?

माझ्या मते त्यांचे खरे काम हेच. मॅग्नमचा गाजावाजा मोठा असला तरी त्यामागे अनेक हात होते. गोळी मात्र कीथ यांची स्वतःची.

तेव्हाच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या गोल नाकाच्या असत. गोल नाक समोरचा अडथळा बाजूला सारत आत शिरते आणि मागे त्या मानाने लहान छिद्र सोडते. शिकारीत याचा अर्थ जखमी होऊन पळालेले, कुठेतरी झुडपात तडफडत मरणारे जनावर. वाटाड्या म्हणून कीथ यांनी अशी जनावरे पाहिली होती. दुसरीकडे कागदी लक्ष्यासाठी ‘वॅडकटर’ नावाची अगदी चपटी, डब्यासारखी गोळी मिळे. ऑफिसमधल्या पंचिंग मशीनसारखे ती कागदात स्वच्छ गोल भोक पाडते, पण लांबवर नीट जात नाही. कीथ यांनी दोन्ही एकत्र आणले. पुढे निमुळते पण टोकाला चपटे नाक, त्यामागे धारदार काठाचा खांदा. नाकामुळे गोळी हवेत स्थिर राहते, चपटेपणा आणि खांद्यामुळे पंचिंगसारखे भोक पडते. याला ‘सेमी-वॅडकटर’ म्हणतात.

खांद्यामागची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. नळीतल्या आट्यांना पकडणारे तीन सारख्या रुंदीचे पट्टे. मध्ये चौकोनी तळाची खोल खाच. तिच्यात वंगण भरायचे, नाहीतर शिसे घासून नळीत साचते. वर आणखी एक तिरकी खाच. पुंगळीचे तोंड तिच्यात दुमडून दाबायचे. याचे कारण गमतीचे आहे. रिव्हॉल्व्हरला धक्का बसतो तेव्हा उरलेली काडतुसे झटक्याने मागे जातात, पण त्यातल्या जड गोळ्या जडत्वामुळे जागीच राहू पाहतात. दुमड नसेल तर त्या हळूहळू पुंगळीतून बाहेर डोकावतात आणि सिलिंडर फिरणेच बंद होते. बस अचानक पुढे निघाली की उभ्या प्रवाशाचे जे होते, तेच.

धातू म्हणाल तर १६ भाग शिसे आणि एक भाग कथील. हो, कल्हईवाला भांड्यांना लावतो तेच कथील. शुद्ध शिसे फार मऊ, त्या वेगाला आट्यांत टिकत नाही. फार कडक केले तर ठिसूळ होते.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस आयडियल-लायमन कंपनीने या रचनेचे साचे विक्रीला आणले. .४४ चा साचा ४२९४२१, .४५ चा ४५४४२४ आणि .३८ चा ३५८४२९. हँडलोडिंग करणाऱ्यांना हे क्रमांक आजही पिनकोडसारखे पाठ असतात.

गोळी मोठे भोक पाडावी यासाठीचा आणखी एक मार्ग भारतात सापडला होता. कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी १८९० च्या दशकात टोकाला शिसे उघडे ठेवलेली, लागताच पसरणारी रायफलची गोळी बनवली. हीच ती ‘दमदम’ गोळी. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी आली. योगायोगाने ते कीथ यांचे जन्मवर्ष. कीथ यांची ही प्रसिद्ध गोळी पसरण्यावर अवलंबून नव्हती. तिचा भर आकारावर आणि वजनावर होता.

कारखान्यांनी इतकी वर्षे का लावली?

१९२९ मध्ये ‘अमेरिकन रायफलमन’मध्ये कीथ यांनी आपल्या स्वप्नातल्या सिंगल अॅक्शन रिव्हॉल्व्हरवर लेख लिहिला. पेनसिल्व्हेनियाहून हॅरल्ड क्रॉफ्ट नावाचे शौकीन आपली रिव्हॉल्व्हरे घेऊन थेट कीथ यांच्या ओरेगनमधल्या रँचवर आले होते आणि त्या चर्चेतून ‘नंबर फाइव्ह’ हे खास .४४ स्पेशल तयार झाले. मग १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी ‘.३५७ मॅग्नम’ आणले. त्यात शस्त्रलेखक फिल शार्प यांचा वाटा मोठा, पण .३८ च्या जाड सिलिंडरमध्ये कीथ करत असलेले जोरकस प्रयोगही त्याआधीचे होते. कीथ यांचे समाधान झाले नाही. त्यांना .४४ हवे होते. लेखांतून, पत्रांतून, भेटींतून ते तेच मागत राहिले. मधल्या काळात दुसरे महायुद्ध आले. कीथ यांनी युटा राज्यातल्या ऑग्डेन शस्त्रागारात रायफल तपासनीस म्हणून काम केले. त्यांनी पास केलेल्या शस्त्रांवरचा ‘ओजीईके’ हा शिक्का आज संग्राहक शोधत असतात.

कारखाने ऐकत नव्हते, त्याला खरे कारण होते. बाजारात १९०७ पासूनची .४४ स्पेशलची जुनी रिव्हॉल्व्हरे होती. पोलाद जुने, उष्णताप्रक्रिया जुनी. तोच मापाचा पण जोरकस बार त्यांत गेला असता, तर १९२५ च्या पहाटेची पुनरावृत्ती घरोघरी झाली असती. कीथ यांना आपले रिव्हॉल्व्हर किती सोसेल ते ठाऊक होते. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक असेल, याची हमी कोण देणार?

तोडगा साधा निघाला. .३५७ च्या वेळचीच युक्ती. पुंगळी सुमारे तीन मिलिमीटर लांब करायची. नवे काडतूस जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पूर्ण बसतच नाही. जुने मात्र नव्यात बिनधोक बसते. चुकीचा प्लग सॉकेटमध्ये जाऊच नये, तसे. रेमिंग्टनने काडतूस बनवले, स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर. १९५५ च्या अखेरीस घोषणा झाली, १९५६ मध्ये माल बाजारात आला आणि रुगर कंपनीही लगेच उतरली. कीथ तेव्हा ५६ वर्षांचे होते. कारखान्याचे काडतूस तर त्यांनी मागितले होते त्याहूनही जोरदार निघाले.

६०० यार्डांचा वाद काय होता?

नव्या .४४ मॅग्नमने कीथ यांनी एक दावा केला आणि तो त्यांना आयुष्यभर चिकटला. सोबत्याच्या रायफलने जखमी झालेले हरीण निसटत होते. आपण सुमारे ६०० यार्डांवरून, म्हणजे जवळपास ५५० मीटरवरून, रिव्हॉल्व्हरने अनेक गोळ्या झाडून त्याला पाडले, असे त्यांनी लिहिले. ढोबळ हिशोब केला तरी इतक्या अंतरावर ही गोळी गुरुत्वाने पंधरा मीटरच्या पुढे खाली येते. म्हणजे चार-पाच मजले वर नेम धरायचा. कीथ यांच्या पुढच्या माशीवर अशा अंतरासाठी सोन्याच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असत. तरीही पहिल्याच गोळीला हे जमणार नाही, हे उघड आहे. ती आधी कुठे धूळ उडते ते पाहून नेम दुरुस्त करण्याची गोष्ट होती. एरवी कोणी असा बार टाकणे म्हणजे जनावराचे हालच. पण चर्चा झाली ती फक्त खरे की थाप एवढीच. १९७९ च्या आत्मचरित्राला कीथ यांनी ‘हेल, आय वॉज देअर!’ असे नाव दिले. शंका घेणाऱ्यांना चिडून दिलेले उत्तर म्हणायला हरकत नाही.

दुसरे भांडण जॅक ओ’कॉनर यांच्याशी. ‘आउटडोअर लाइफ’चे हे लेखक इंग्रजी विषयाचे प्राध्यापक राहिलेले, सफाईदार लिहिणारे. हलकी, वेगवान गोळी नेमक्या जागी लावा, असे त्यांचे मत. कीथ यांना जड आणि मोठी गोळीच मान्य. दोघांचे वाचक दशकानुदशके तट करून होते. दोघांत कोण बरोबर, हे जनावर कोणते यावर ठरते. ही गोष्ट दोघांनीही पुरेशी मान्य केली नाही.

कीथ यांचे आकडे आज का वापरत नाहीत?

कीथ यांच्या काळात दाब मोजण्याची यंत्रे घरी नव्हती. पुंगळी सहज निघते का, प्रायमर चपटा झाला का, यावरून अंदाज. त्यांचे काही प्रसिद्ध बार आजच्या पुस्तिकांच्या मर्यादेबाहेर आहेत. शिवाय त्यांच्या वेळच्या पुंगळीच्या बुडाची आतली रचना वेगळी होती, आत जागा जास्त होती. तीच दारू आजच्या जाड बुडाच्या पुंगळीत घातली तर दाब वाढतो. आकडा तोच, भांडे लहान. म्हणूनच इथे एकही आकडा दिलेला नाही.

अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसे भरायला परवाना लागत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, घरी काडतूस भरणे हा गुन्हा ठरतो. आपल्याकडे हे काम कारखान्यांचे, आणि त्यातला पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, म्हणजे कोल्टच्या त्या मॉडेलपेक्षाही जुना.

१९६४ मध्ये पोलिसांसाठी म्हणून ‘.४१ मॅग्नम’ आणण्यात कीथ यांचा वाटा होता. पोलिसांनी ते फारसे स्वीकारले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतला उत्कृष्ट हँडगनरचा पहिला पुरस्कार त्यांना मिळाला. १९८१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि लिहिणे थांबले. १९२६ मध्ये लग्न झालेल्या, डोंगरातल्या हलाखीच्या रँचपासून साथ देणाऱ्या पत्नी लॉरेन तेव्हाही सोबत होत्या. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी कीथ यांचे निधन झाले. लायमनच्या यादीत ४२९४२१ हा साचा आजही आहे.